ॲल्युमिनियम लाल होत नाही

लोखंड आधी सांगतं. तापलं की काळपट लाल होतं, मग शेंदरी, मग पिवळं, आणि तेवढ्या वेळात हात मागे घ्यायचा की पुढे न्यायचा हे माणसाला ठरवता येतं. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. थंड असताना जसं दिसतं तसंच तापल्यावरही दिसत राहतं, आणि ‘अजून तापलं नाही वाटतं’ असं आपण मनात म्हणेपर्यंत टपकन खाली पडून मोकळं होतं. पहिल्यांदा माझ्या हातून नळीचा तुकडा असा गेला तेव्हा मी हेल्मेट वर करून बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसलो. काय झालं ते मला खरंच कळलं नव्हतं. पुढे कित्येक महिने कळत नव्हतंच. फक्त काय कळत नाही ते बदलत गेलं.

नांदूरघाटात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या कानामागच्या काड्या वाकवायच्या, नाकावरचे पॅड बदलायचे, मोडलेल्या फ्रेमला डाग देऊन ती जोडायची, हे माझं दिवसभराचं काम. त्या डागातूनच मला हा नाद लागला असावा. आधी लोखंडाचं वेल्डिंग शिकलो, ते स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणजे माझा शाळेतला दोस्त. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फाटकं, टाक्या ठेवायची घोडी असलं काम त्याच्या घरात वडिलांपासून चालत आलेलं. लोखंड जमलं तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मोबाइलवर कुणीतरी परदेशी माणूस ॲल्युमिनियमच्या दोन नळ्यांवर वेणी घातल्यासारखा एकसारखा सांधा ओढताना दिसला आणि माझं डोकं फिरलं. बायकोला मी तो व्हिडिओ दाखवला.

“लोकं पन्नाशीला भजनाला लागत्यात,” ती म्हणाली, “तुमी ठिणग्यांच्या नादी लागलाव.”

“ह्या वेल्डिंगमध्ये ठिणग्या उडत नाहीत,” मी म्हणालो.

“मग उपेग काय त्याचा?”

मशीन मात्र आलं. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी बैल बांधायचे त्या बाजूला, मी एक लोखंडी टेबल टाकलं आणि बीडहून आर्गॉन वायूची टाकी आणून उभी केली. या प्रकारच्या, म्हणजे टिग, वेल्डिंगला उजव्या हातात टॉर्च धरायची, तिच्या तोंडाशी टंगस्टनची सुई असते. डाव्या हातात भरणीची काडी, तिचं टोक वितळलेल्या थेंबात बुडवायचं आणि लगेच मागं घ्यायचं. उजव्या पायाखाली शिलाई मशीनसारखं पॅडल, ते दाबलं की वीज वाढते. डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट. आणि हे सगळं चालू असताना श्वास घ्यायला विसरायचं नाही. मी दर वेळी विसरायचो.

त्या वेळी तो नुसता नाद होता. बिघडलं तरी कुणाचं काही जात नव्हतं. मग मायचा वॉकर तुटला.

माय शेवटच्या वर्षात वॉकर धरून चालायची. हलका, जर्मनचा, आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. त्याच्या मुठी घामानं निसटायच्या म्हणून तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यांच्यावर घट्ट गुंडाळल्या होत्या, एकीवर हिरव्या, दुसरीवर जांभळ्या. बाजेपासून दारापर्यंत आणि दारापासून बाजेपर्यंत एवढाच तिचा रस्ता. ती गेल्यावर वॉकर कोपऱ्यात राहिला. वर्ष उलटायच्या आत दादा, म्हणजे माझे वडील, हौदाजवळ घसरले. खुब्याचं हाड मोडलं, बीडला ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर त्यांनी कुणाला न विचारता कोपऱ्यातला तो वॉकर ओढून घेतला आणि चालायला लागले. आम्हाला बरं वाटलं. नवा आणायचा विषयही कुणी काढला नाही.

एके दिवशी सकाळी वॉकरचा डावा पाय नट बसतो त्या भोकापाशी तडकला आणि आत मुडपला. मागं बाज होती म्हणून दादा बाजेवर बसले, नाहीतर पुन्हा बीड होतं. मी त्याच दिवशी नवा वॉकर आणला. मायच्यापेक्षा भारी, मुठींवर कारखान्याचं प्लास्टिक तसंच गुंडाळलेलं.

दादांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. “ह्यो माझा न्हाई.”

“तुमचाच आहे दादा. तुमच्यासाठीच आणला.”

“त्यो तुटलाय न्हवं,” ते म्हणाले आणि मायच्या वॉकरकडे बोट केलं. “त्यो दाराशी ठीव.”

मी तो शेडच्या दाराशी उभा करून ठेवला. यातून मी काढलेला अर्थ असा, की दादांना मायचाच वॉकर पाहिजे आणि दुसऱ्या कशाला ते हात लावणार नाहीत. कुणीही हाच अर्थ काढला असता. त्या दिवसापासून दादा बाजेवरून उठले नाहीत. नैसर्गिक विधीला जायचं तर मला किंवा बायकोला काखेत धरून न्यावं लागायचं, आणि तेही ते मान फिरवून करायचे. मी डॉक्टरांना विचारलं. ते मला दवाखान्याच्या दारापर्यंत घेऊन आले आणि म्हणाले, “आत्ता चालले तर चालतील. हे असंच महिनाभर बसून राहिले, तर पुढं तुम्ही म्हटलं तरी त्यांचे पाय म्हणणार नाहीत.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुटलेला वॉकर घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीनं तो उलटा करून बघितला, तडकलेल्या जागी नखानं टोकलं. “जर्मन हाय बे हे. आपल्याकडं न्हाई होत. माझ्या रॉडनं केलं तर भोक पडंल नुसतं.” मग माझ्याकडे बघून हसला. “तूच कर की. मशीन कशाला घेतलंस एवढं? शोला ठेवायला?”

असा तो सांधा माझ्या गळ्यात पडला. वॉकर परत दाराशी ठेवला आणि त्याच मापाच्या नळीचे तुकडे आणून सराव सुरू केला. सकाळी लवकर, दुकान उघडायच्या आधी, कारण तेव्हा वारा नसतो आणि वीजही बरी असते. वारा असला की आर्गॉन उडून जातो आणि सांध्याला हवा लागते. म्हणून पंखाही बंद. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, जाड कपडे घालून. बायको चहा ठेवून जायची.

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते ॲल्युमिनियमच्या सायीनं. या धातूवर डोळ्यांना न दिसणारी एक साय असते, आणि ती आतल्या धातूपेक्षा कितीतरी जास्त उष्णतेला वितळते. म्हणजे वरची साय घट्ट आणि आत सगळं पाणी झालेलं. मशीन विजेची दिशा सतत उलटसुलट करून ती साय फोडतं. किती उलट, किती सुलट, यासाठी मशीनवर एक बटण होतं. एक व्हिडिओवाला म्हणायचा उजवीकडे फिरवा, दुसरा म्हणायचा डावीकडे. तिसऱ्यानं तर सांगितलं, ज्याच्यावर माणसाचं वजन येणार आहे अशी वस्तू घरी कधीही जोडू नका. तो व्हिडिओ मी पुन्हा बघितला नाही, पण त्याचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. माझ्या सांध्यावर माझ्या बापाचं वजन येणार होतं.

तरीही हळूहळू जमायला लागलं. पॅडल दाबायचं, नळीवर पाऱ्यासारखा चकचकीत थेंब तयार होतो, त्याची वाट बघायची, काडी बुडवायची, पॅडल ढिलं सोडायचं, पुढं सरकायचं. एका सकाळी नळीच्या निम्म्या घेरापर्यंत सांधा स्वच्छ गेला. वेणी नव्हती, पण सांधा होता. मी तो तुकडा दुकानात नेला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता धरायच्या ऐवजी तो तुकडाच धरला असता, इतका मी खूश होतो. दादांनाही दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उन्हाकडे धरला, अंगठा फिरवला आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “माझी बाज शेडात टाका. आत लई गरम व्हायलंय.”

शेड काही घरापेक्षा थंड नव्हतं. पण लिंबाची सावली दुपारनंतर त्याच्यावर येते, आणि दादांनी काहीतरी मागितलं हेच आम्हाला पुष्कळ होतं. खुर्चीत बसवून आम्ही त्यांना उचलून नेलं, बाज टाकली, नवा वॉकर उशाशी उभा करून ठेवला, मुद्दाम न दाखवता त्यांना दिसावा अशा बेतानं. सकाळी मी वेल्डिंग करताना ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. उजेड डोळ्याला वाईट असतो हे मी सांगितलं होतं.

आणि मग सगळं बिघडलं.

का बिघडलं, कळेना. आदल्या आठवड्यात ज्या हातानं स्वच्छ सांधा गेला, त्याच हातानं आता काळी राळ निघायला लागली. थेंब चकाकायचाच नाही. वर काजळी, आत बारीक बारीक भोकं, जसं जाळीदार धिरडं. काडी बुडवली की फुर्र करून धूर यायचा आणि सुईला हिरवं-काळं काहीतरी चिकटायचं. मी सुई घासून पुन्हा टोक काढायचो, पुन्हा तेच. मशीनवरचं ते उलटसुलट बटण इतकं फिरवलं की त्यावरचे आकडे पुसट झाले. चार दिवसांत मी इतका चिडलो की दुकानात एका म्हाताऱ्या बाईंना जवळचा नंबर लांबचा म्हणून सांगितला. त्या घरी जाऊन परत आल्या, तेव्हा कळलं.

मिस्त्रीला बोलावलं. तो आला, हेल्मेट घातलं, माझ्याकडून टॉर्च घेतली आणि पहिल्या झटक्यात माझ्यासारखीच राळ काढली. खोटं नाही सांगत, मला थोडं बरं वाटलं.

“गॅसमधी पाणी हाय,” तो म्हणाला.

टाकी बदलून आणली. पुन्हा राळ.

“अर्थिंग बरोबर न्हाई.”

अर्थिंगसाठी खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा घातला, त्याला रोज पाणी घातलं. राळ.

“वारा कुठून तरी यायलाय बे.” आम्ही शेडच्या पत्र्यांच्या फटींत पोती कोंबली. उकडून आमचाच रस्सा व्हायची वेळ आली. राळ निघायची ती निघायचीच. शेवटी मिस्त्री टेबलाच्या कडेला बसला, घाम पुसला आणि म्हणाला, “तुझं हे जर्मन भुताटकीचं हाय. आपण हात टेकले, यार.” दादा बाजेवरून एवढंच म्हणाले, “सावकाश करा रं.” आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

बायको चहा घेऊन आली तेव्हा दारातच थांबली आणि नाक वर केलं. “भजे तळायलाव का काय इथं?”

“ॲल्युमिनियम जळल्याचा वास आहे तो,” मी म्हणालो. ॲल्युमिनियम जळल्याचा वास कसा असतो हे मला कुठं माहीत होतं. पण वैतागलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर लगेच सुचतं. तिनं मान हलवली आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. दादांच्या गुडघ्याला चोळायची करडईच्या तेलाची बाटली लवकर संपायला लागली होती. “चोळायलेत वाटतं नेमानं,” ती म्हणाली. तिला त्याचा आनंद झाला होता.

महिना संपत आला. दादांच्या पिंढऱ्या बारीक दिसायला लागल्या असं मला वाटायचं, आणि वाटलं की मी दुसरीकडे बघायचो. दाराशी उभा असलेला मायचा वॉकर येता-जाता नडगीला लागायचा. मी तो एकदा उचलून आत ठेवला, तर दादा ओरडले. “तिथंच ऱ्हाऊ दे.” मला वाटलं, मला टोचावं म्हणून ते तो तिथं ठेवायला लावतात. ‘जोड’ असं सांगायला. रोज सकाळी मी तो बघत होतो आणि रोज सकाळी मला तो जोडता येत नव्हता. बापासाठी एक नळी जोडता येत नाही, या विचारानं मला दुकानात बसल्या बसल्या रडू यायचं.

मग एक दिवस दुपारी मी घरी आलो. दिंद्रुडहून आलेलं एक गिऱ्हाईक चष्म्यासाठी थांबलं होतं आणि त्याची तयार फ्रेम मी सकाळी चुकून शेडमधल्या टेबलावर विसरलो होतो. दुपारी मी कधी घरी येत नाही. बायको शेजारी गेली होती. मी अंगणातून शेडकडे वळलो आणि दाराच्या अलीकडेच थांबलो.

दादा टेबलापाशी उभे होते.

नवा वॉकर त्यांच्या पुढ्यात होता, डावा हात त्याच्या मुठीवर. उजव्या हातात चिंधीचा बोळा. माझ्या भरणीच्या काड्या त्यांनी एका ओळीत मांडल्या होत्या आणि एकेक काडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत होते, विळ्याचं पातं पुसावं तसं, बेतानं. पुसून झाली की उन्हाकडे धरून बघायचे आणि पुन्हा ओळीत ठेवायचे. मग सरावाचे नळीचे तुकडे घेतले. त्यांच्या आतून बाहेरून बोळा फिरवला. करडईच्या तेलाची बाटली टेबलावर उघडी होती.

शेडच्या भिंतीवर दादांची अवजारं आहेत. शेत आता बटईनं दिलंय आणि बटईदार सगळं ट्रॅक्टरनं करतो, पण विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास आपापल्या खुंटीवर आहेत. हंगाम संपला की दादा प्रत्येक अवजार बघायचे, मोडलेलं असेल ते आधी दुरुस्त करून आणायचे, धुवायचे, करडईच्या तेलाचा बोळा फिरवायचे आणि मगच भिंतीला लावायचे. गंज चढू नये म्हणून. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही हे त्यांना कोण सांगणार? आणि टिग वेल्डिंगला तेलाचा एक ठिपकासुद्धा चालत नाही हे मलाच सांगायला हवं होतं, पण माझ्या टेबलाशी कुणी येतंय हेच मला माहीत नव्हतं.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू. खणलेला खड्डा आठवला, ती पोती आठवली, बदलून आणलेली टाकी आठवली. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दादांनी बोळा बाटलीवर ठेवला, दोन्ही हातांनी नवा वॉकर धरला आणि बाजेकडे चालायला लागले. वॉकर पुढं, मग एक पाय, मग दुसरा. कुणी धरलेलं नाही. घाई नाही. बाजेपाशी वळले, बसले, वॉकर उशाशी होता तसा लावला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी चष्मा न घेताच परत गेलो. दिंद्रुडच्या माणसाला उद्या या म्हणालो. तो काय बोलला ते मला आठवत नाही.

संध्याकाळी नव्या वॉकरच्या मुठी बघितल्या. प्लास्टिकवर तेलाचे बोटांचे डाग होते, एकावर एक, दाट. एका दुपारचे नव्हते ते. बायकोला सांगितलं तर ती आधी खदाखदा हसली, “म्हणून भज्यांचा वास,” आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला. आता करायचं काय, हा मात्र नवाच गोंधळ झाला. सांगावं तर दादा तेल लावणं बंद करणार, आणि तेल लावणं बंद झालं की उठणंही बंद. न सांगावं तर मायचा वॉकर जन्मात जोडला जाणार नाही. आणि चालतात तर आमच्यासमोर का चालत नाहीत? विचारावं, तर विचारल्यानं थांबले म्हणजे? मी असा अडकलो की ताकास तूर लागू द्यायची नाही एवढंच ठरवलं.

नव्या काड्या आणल्या त्या दुकानात, फ्रेमच्या कपाटात लपवल्या. रोज सकाळी लागतील तेवढ्या खिशातून घेऊन यायच्या. जुन्या काड्या आणि तुकडे टेबलावर तसेच, दादांसाठी. मग बायकोच्या डोक्यातून एक युक्ती निघाली. तिनं काड्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवल्या. दुसऱ्या दिवशी त्या तेल लावलेल्या निघाल्या. मग तिनं त्या खिडकीत ठेवल्या. मग पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर, शेडच्या बाहेर. तिथंही त्या संध्याकाळी चकचकत होत्या. आम्ही दोघं नवरा-बायको चोरांसारखे एकमेकांकडे बघून हसायचो. जेवताना दादा म्हणाले, “सामान जाग्यावर ठेवायची सवय न्हाई तुमाला.” बायकोनं वरणाची वाटी तोंडाशी धरली.

मायच्या वॉकरच्या तडकलेल्या जागीही तेल मुरलं होतंच. मी ती जागा साबणाच्या गरम पाण्यानं धुतली, पॉलिशपेपरनं घासली, ॲसिटोननं पुसली, फडकं पांढरं निघेपर्यंत पुसली. सरावाचे सांधे आता पुन्हा स्वच्छ यायला लागले होते. तरी मी खरा सांधा पुढं ढकलत राहिलो. आज वीज कमी आहे, आज वारा सुटलाय. खरं कारण दुसरंच होतं. हा वॉकर जोडला की ते त्याच्यावर भार टाकणार. आणि तो तिसरा व्हिडिओवाला कानाशी म्हणायचा, माणसाचं वजन घेणारी वस्तू घरी जोडू नका. नवा वॉकर धड असताना मी त्यांना पुन्हा तुटक्यावर का उभं करतोय? न जोडावा, तर ते लपून चालणार, आणि लपून चालणारा माणूस एक दिवस लपून पडणार. मला भीती वाटत होती. इतकी भीती मला ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती, कारण तेव्हा हात दुसऱ्याचा होता.

“जोडा की आता,” बायको म्हणाली. “किती दिवस त्यो दारात ठेवायचा?”

जोडला. एका सकाळी, पंखा बंद करून, वॉकर टेबलावर आडवा बांधून. थेंब चकाकला. काडी बुडवली, मागं घेतली, पॅडल ढिलं केलं, सरकलो. श्वास घेतला की नाही आठवत नाही. शेवटाला येताना थेंब जरा खाली बसला, मी पॅडल सोडलं, आणि तो टपकला नाही. हेल्मेट वर केलं. सांधा वाकडातिकडा होता, एका जागी जाड, एका जागी बारीक. पण सलग होता. निवल्यावर मी वॉकरवर सिमेंटची गोणी ठेवली, मग स्वतः लोंबकळलो, मग मिस्त्रीला बोलावून लोंबकळायला लावलं. त्याचं पोट सुटलेलं आहे. सांध्यानं हूं की चूं केलं नाही. “जर्मन पटली रे तुला,” तो म्हणाला आणि माझ्या पाठीत एक धपका घातला.

वॉकर घेऊन मी दादांच्या बाजेपाशी गेलो. “दादा, झालं. उठून बघा. मी धरतो.”

दादा उठून बसले. वॉकर जवळ ओढला. सांध्यावर अंगठा फिरवला, पूर्ण घेर, सावकाश. मग उशाखालून बोळा काढला, बाटलीतलं तेल त्याच्यावर घेतलं आणि सांधा पुसला, नळ्या पुसल्या, चारी पाय पुसले. लुगड्याच्या चिंध्यांना मात्र तेल लागू दिलं नाही. मी दोन्ही हात पुढं करून उभा होतो, त्यांच्या काखेत घालायला.

“ह्यो न्हाई,” ते म्हणाले. “त्यो दे.”

मी नवा वॉकर पुढं सरकवला. माझ्यासमोर, मला दिसेल असं, ते त्याला धरून उठले. मायचा वॉकर मला उचलायला सांगितला आणि भिंतीकडे चालत गेले. वखराच्या पाशीशेजारी एक खुंटी रिकामी होती. कधी ठोकली होती कुणास ठाऊक.

“तिथं लाव.”

मी लावला. हिरवी मूठ एका बाजूला, जांभळी दुसऱ्या. दांडा निसटलेलं खुरपं दुरुस्त होऊन येईपर्यंत दादा ते दाराशीच ठेवायचे, हे मला तेव्हा आठवलं. लहानपणी मी त्याला ठेचकाळायचो आणि चिडायचो.

“मोडकं भिंतीला लावत नसत्यात,” दादा म्हणाले. “आदी तिचं नीट व्हायला पाहिजे हुतं.”

म्हणजे ज्या सांध्यावर बापाचं वजन येणार म्हणून मी महिनाभर झोपलो नव्हतो, त्याच्यावर आता मायच्या चिंध्यांचंच वजन येणार होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसूही आलं, दोन्ही एकदमच. “मग सांगायचं न्हाई का दादा? मला वाटलं, तुमाला चालायला पाहिजे.”

“तू जोडायलतासच की,” ते म्हणाले. “मी तुमच्यापुढं ह्याच्यावर चाललो असतो, तर तिचा तसाच पडून ऱ्हायला असता.” मग नव्या वॉकरची मूठ दाबून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “ह्याचं हे प्लास्टिक काड आता. हात निसटायलाय.”

मी खाली बसून मुठीवरचं प्लास्टिक सोलायला लागलो. जोर लावावाच लागला नाही. तेलानं ते आधीच सुटत आलं होतं.